बालिकागृहातले पहिले दिवस

घरातून निघून आलेली चंदगडची मुलगी बेळगावच्या बसस्टँडवर सापडली, की १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावायचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत तिला बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, न्यायचं. हा नियम बहुतेकांना ठाऊक असतो. बिघडतं ते त्यानंतर.

बालिकागृहात आल्याबरोबर चौकशी नको. गरम पाणी, धुतलेले कपडे, पॅड, पोटभर जेवण, झोप, एवढंच. पोलीस, अधीक्षिका, डॉक्टर, समुपदेशक अशा चौघांना तेच तेच सांगावं लागलं, की मुलगी गप्प होते किंवा तपशील बदलतो, आणि मग ‘खोटं बोलते’ असा शिक्का बसतो. हा फार मोठा अन्याय आहे. मराठी मुलीशी बोलायला मराठी जाणणारी बाईच हवी. कन्नडमध्ये लिहिलेला जबाब सहीआधी तिला मराठीत वाचून दाखवा. नातेवाइकाला दुभाषा करू नका. छळणारा घरातलाच असू शकतो.

मुलीच्या घरची परिस्थिती समितीला सांगणाऱ्या सामाजिक तपासणी अहवालाला १५ दिवस मिळतात. घरभेट त्यातच करायची. लग्न ठरवलंय का, शाळा कधी सुटली, हे विचारायचं. शेजाऱ्यांना मात्र कारण सांगायचं नाही. वडील दारात आले म्हणून मुलगी हवाली करता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात परत पाठवायचा आदेश समितीच काढते, तोही तिच्या हिताचा असेल तरच, आणि सोबत महिला पोलीस लागते.

तिचं नाव किंवा फोटो व्हॉट्सॲपवर टाकणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ चा भंग आहे. ‘हरवली आहे’ची जुनी पोस्टसुद्धा काढायला लावा.