महाराजांचे मामा

मेहकर तालुक्यातील आमच्या गावापासून सिंदखेड राजा काही फार लांब नाही. तरीही माझ्या मामांनी वयाच्या 68व्या वर्षापर्यंत तेथील राजवाडा आतून पाहिलेला नव्हता. जालन्याला जाता-येता एसटीच्या खिडकीतून दर्शन घ्यायचे, बसल्या जागी हात जोडायचे आणि पुन्हा डुलकी काढायची, एवढाच त्यांचा त्या वास्तूशी संबंध होता. मागच्या डिसेंबरात जालन्याकडचे एक लग्न आटोपून आम्ही परतत असताना मीच आग्रह धरून गाडी थांबवायला लावली. लग्नात मुलीकडच्यांनी मामांना मानाचा भगवा फेटा बांधला होता, कपाळावर कुंकवाचा टिळा तसाच होता आणि मिशा तर जन्मापासूनच असाव्यात अशा भरघोस आहेत. पुढे जे घडले त्याचे निम्मे श्रेय मी त्या फेट्याला देते.

लखुजीराव जाधवांच्या या वाड्यात 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म झाला. दरवर्षी त्या तारखेला येथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा मात्र दुपारची शांतता होती. पूर्वीच्या वैभवाची खरी कल्पना देते ते दगडी महाद्वार. मामांनी ते एखाद्या गवंड्याच्या नजरेने खालून वर न्याहाळले, दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "आपल्या वाड्याची भित बांधून पन्नास वर्सं नाय झाली, तं पोट काढून बसली. अन् हे पाह्य." एवढे बोलून, गुडघा दुखतो म्हणून, ते द्वाराजवळच्या सावलीत एका दगडी जोत्यावर टेकले आणि मी एकटीच आत गेले.

अर्ध्या तासाने बाहेर आले तर मामांच्या भोवती चाळीस-पन्नास शाळकरी मुले मांडी घालून बसली होती. कोकणातून आलेली ती सहल होती. त्यांच्या शिक्षकांनी फेटेवाल्या आजोबांना सहज आडनाव विचारले होते आणि मामांनी खरे ते सांगितले होते : जाधव.

आता, बुलढाणा जिल्ह्यात जाधव आडनावाची घरे किती आहेत हे येथील कोणालाही विचारावे. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणारे जाधवराव घराणे वेगळे आणि मेहकर तालुक्यात सोयाबीन-तूर पिकवणारे आमचे मामा वेगळे, हे आम्हाला सांगावे लागत नाही. रत्नागिरीकडच्या माणसाला मात्र सिंदखेडच्या वाड्यात, फेटा बांधून बसलेला जाधव भेटला, की दुसरा विचार सुचणार तरी कसा? शिवाय त्या संपूर्ण मुलाखतीत मामांनी एकही खोटे वाक्य उच्चारले नाही, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. अडचण त्यांच्या खरेपणानेच केली.

"आपला वाडा होता का?" सरांनी विचारले.

"व्हता ना. अर्धा पडला. उरला त्याच्या भावकीत वाटन्या झाल्या."

"जमीनही बरीच असेल?"

"आज्याच्या काळात लय व्हती म्हन्तेत. आता काय, चार एकर."

"आणि शस्त्रे वगैरे?"

मामांनी थोडा विचार केला. "इळा हाय, कुऱ्हाड हाय."

सरांनी हे सगळे वहीत उतरवून घेतले. एका मोठ्या घराण्याची पडझड इतक्या निर्विकारपणे सांगणारा माणूस त्यांनी पूर्वी पाहिला नसावा. मग ते मुलांकडे वळले आणि त्यांनी 1629 साली दौलताबादेत घडलेली हकिगत सांगितली : निजामशहाच्या दरबारात मुजऱ्यासाठी गेलेल्या लखुजीरावांना दोन मुलगे आणि एका नातवासह कसे दगा देऊन मारण्यात आले. सांगण्यात जीव होता. मुले एकदम गप्प झाली आणि सर्वांच्या नजरा, जणू सुतक कालच फिटले असावे अशा सहानुभूतीने, मामांकडे लागल्या. मामांनाही गलबलून आले असावे, कारण त्यांनी मान खाली घातली. त्यामुळे तर उरलीसुरली शंकाही मिटली. पुढच्या रांगेतील एका मुलीने उठून आपल्या पुड्यातली दोन बिस्किटे त्यांच्या हातावर ठेवली. मामांनी ती खाल्ली.

हे थांबवायला हवे म्हणून मी पुढे झाले आणि हाक मारली, "मामा, चला आता, उशीर होतोय."

याहून चुकीचा शब्द मला त्या क्षणी सुचला नसता. जिजाऊ जाधवांच्या कन्या. म्हणजे जाधवांचे घर हे शिवाजी महाराजांचे आजोळ. एका चुणचुणीत मुलाने क्षणात हिशेब जुळवला आणि ओरडून विचारले, "सर, हे महाराजांचे मामा?" सरांनी "अरे, चारशे वर्षे झाली" असे म्हणेपर्यंत त्या मुलाने थेट मामांनाच गाठले होते, "महाराज सुट्टीत तुमच्याकडे यायचे का?"

"नाय रे बापा," मामा मनापासून म्हणाले, "त्यायले सुट्टी कुठी व्हती!"

त्यानंतरच्या गदारोळात माझा खुलासा कोणाच्याही कानापर्यंत पोहोचला नाही. सिंदखेडची हवाच तशी असावी. बखरींतून आलेली आख्यायिका अशी, की रंगपंचमीला लहानगे शहाजी आणि जिजाऊ एकमेकांवर रंग उधळत असताना लखुजीराव कौतुकाने "जोडा शोभतो" असे बोलून गेले आणि मालोजीराजांनी भर सभेत उठून तो शब्द पक्का धरला. पुढे लखुजीराव थट्टा होती म्हणून मागे सरू लागले, पण ऐकतो कोण! त्या दुपारी माझी अवस्था काहीशी लखुजीरावांसारखी झाली होती.

शेवटी महाद्वारासमोर सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. सरांनी तो पाठवण्यासाठी क्रमांक मागितला, तेव्हा मामांनी मोठ्या मनाने माझा दिला. किनगाव राजाच्या पुढे आल्यावर मी त्यांना विचारले, की निदान आपण त्या घराण्यातले नाही एवढे तरी सांगायचे होते. "मले कोनी इचारलंच नाय," मामा म्हणाले आणि मागच्या सीटवर, फेटा दबू नये म्हणून मान ताठ ठेवून, झोपी गेले.

तिसऱ्या दिवशी फोटो आला. खाली लिहिले होते : "जाधवराव घराण्याच्या वंशजांसमवेत आमचे विद्यार्थी." मी ताबडतोब सविस्तर उत्तर पाठवले, की मामा साधे शेतकरी आहेत, त्या घराण्याशी त्यांचे कसलेही नाते नाही आणि फेटा लग्नातला होता. थोड्या वेळाने सरांचे उत्तर आले :

"मोठ्या घराण्यातील माणसे अशीच विनम्र असतात, ताई. मामासाहेबांना आमचा मुजरा सांगावा."