सातोची बॅट, नंबर ७ : आवाज गेला!

गेल्या रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या टेबल टेनिसच्या हॉलमध्ये अण्णा चॉप (चेंडूला खालून काप देऊन परतवणं) मारायला नेहमीसारखे दोन पावलं मागे सरकले आणि चेंडू त्यांच्या बॅटखालून निघून गेला. ते चेंडूमागे वळलेसुद्धा नाहीत, माझ्या हाताकडे बघत राहिले. "अरे, मारलास कधी तू?"

१९५२ च्या मुंबईच्या जागतिक स्पर्धेत जपानच्या सातोने जाड स्पंजाची, आवाज न करणारी बॅट वापरली होती, तशी मी घरी करून बघतोय. हे एक वाक्य ऐकायला नऊ महिने आणि सहा बॅटी गेल्या. सातवी बॅट मुकी आहे. चेंडू लागतो, परत जातो आणि कानाला काही कळत नाही.

मागच्या नोंदीत मी जवळजवळ हात टेकले होते. नंबर ६ चा आवाज अण्णांच्या साध्या पिंपलच्या (नुसत्या दाणेदार रबराच्या, बिनस्पंजाच्या) बॅटपेक्षा मोठा येत होता आणि मी ठासून लिहिलं होतं की लागतो तसा स्पंज इंदुरात मिळणारच नाही. ते विधान मागे घेतो. स्पंजाचा दोष नव्हताच.

हॉलच्या फळ्यावर मी मुंबईचे निकाल खडूने लिहून ठेवलेत, ते अजून पुसू दिलेले नाहीत. १ ते १० फेब्रुवारी १९५२, एकोणिसावी जागतिक स्पर्धा, आशियात भरलेली पहिलीच. पुरुष एकेरीत जपानचा हिरोजी सातो, अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानवर मात. महिला एकेरीत रुमानियाची अँजेलिका रोझेआनू, समोर हंगेरीची गिझी फार्कश. १९५० ते १९५५ सलग सहा वर्षं हे विजेतेपद रोझेआनूने कुणाला दिलं नाही. पुरुष दुहेरी फुजिई आणि हायाशी, महिला दुहेरी नाराहारा आणि निशिमुरा, दोन्ही जपानकडे. मिश्र दुहेरी हंगेरीचा शिडो आणि रोझेआनू. महिला संघांचा कॉर्बिलॉन कपही जपानला. पण पुरुष संघांचा स्वेथलिंग कप हंगेरीनेच नेला, आणि तोही जपानच्या संघात सातो असताना! स्पंजाने सगळ्यांना एका फटक्यात झोपवलं असं जे सांगितलं जातं ते मला म्हणूनच पटत नाही. अमेरिकेचा मार्टी रीझमन मात्र सातोपुढे हरला, आणि तो त्या काळचा फार मोठा फटकेबाज होता. टकटक ऐकत मोठे झालेले हात होते ते. समोरून एकदम शांतता आली तर काय होत असेल, हे मला स्वतःच्या टेबलावर बघायचं होतं.

आता आवाजाबद्दल, सविस्तर.

नंबर १ गादीच्या फोमची होती. अगदी मुकी, पण चेंडू तिच्यावर मरून पडायचा. नंबर २ आणि ३ चपलेच्या शीटच्या, त्या टॉक टॉक वाजायच्या. नंबर ४ पासून मी जुन्या रबरांकडे वळलो: वरचं टॉपशीट पेट्रोल लावून सोलायचं, खालचा दोन मिलिमीटरचा स्पंज वापरायचा. एका थराच्या नंबर ४ चा आवाज मध्यम होता. मग साहजिकच वाटलं, जाडी वाढवली की आवाज मरेल. दोन थरांची नंबर ५ केली, आवाज वाढला. तीन थरांची नंबर ६ केली, आणखी वाढला.

दोन महिने मी याच कोड्यात होतो. मऊ वस्तू जास्त घातली की आवाज जास्त येतो, हे पटणार कसं? आधी ब्लेडवर, म्हणजे बॅटच्या लाकडावर, संशय घेतला, अण्णांकडून पाच पदरांचं जुनं हलकं ब्लेड मागून आणलं. फरक शून्य. मग हॉलच्या पत्र्यावर संशय गेला, म्हणून टेबल गच्चीवर नेलं. तिथेही तेच. मग चेंडूवर. आपल्याकडे जुन्या मापाचे, ३८ मिलिमीटरचे सेल्युलॉइडचे चेंडू मोजकेच उरलेत, तरी त्यातला एक मी नुसत्या या चाचण्यांत फोडला. फुटला की कापराचा वास येतो, देवघरात आल्यासारखा. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. त्या वासाने वाईटही वाटलं आणि आणखी ईर्ष्याही आली.

शेवटी उत्तर सापडलं ते नंबर ६ मोडताना. स्पंज वाचवावा म्हणून कटरने कड उभी कापली आणि उजेडात धरली. पांढरट स्पंजात तीन पिवळ्या रेघा, खरवसाच्या वडीला कडेने साय धरावी तशा. नखाने रेघेवर टिचकी मारली तर टक! स्पंजाचा नव्हे, तो सोल्यूशनचा आवाज होता. मी सायकलवाल्याचं पंक्चरचं सोल्यूशन सढळ हाताने लावत होतो. ते स्पंजाच्या भोकांत मुरत होतं आणि वाळून कडक पापुद्रा होत होता. चेंडू वरचे दोन मिलिमीटर दाबतो न दाबतो तोच त्या पापुद्र्यावर आदळतो. तीन थर म्हणजे तीन पापुद्रे. मी जाडी वाढवत नव्हतो, बॅटमध्ये तीन फळ्या बसवत होतो.

आणखी एक गोष्ट याच सोल्यूशनने माझ्यापासून लपवली. ओलं असताना त्यातल्या द्रावकाने स्पंज फुगतो, कडा पापडासारख्या वळतात आणि पहिले दोन दिवस बॅट अशी उसळते की विचारू नका. नंबर ५ च्या वेळी मी आनंदाने नाचलो होतो तो हाच प्रकार. तिसऱ्या दिवशी द्रावक उडून गेलं आणि सगळं सपाट. युगोस्लाव्हियाचा शुरबेक, हंगेरीचा क्लाम्पार यांच्या काळापासून मोठे खेळाडू हेच सोल्यूशन मॅचच्या आधी ताजं लावायचे, ते या फुगण्यासाठीच. २००८ मध्ये ते बंद झालं. हे सगळं मला वाचून माहीत होतं, तरी स्वतःच्या बॅटवर ओळखता आलं नाही.

म्हणजे हवा होता एकच अखंड जाड थर आणि न मुरणारा चिकट पदार्थ.

थरासाठी आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'स्पंज रबर शीट' मागवली. आली ती चपलेचीच शीट, वर नुसता काळा रंग. परत करायला पंधरा दिवस आणि चार फोन लागले. माझं स्पष्ट मत आहे, रबर आणि स्पंज हाताने दाबल्याशिवाय घेऊ नये. सियागंजात गॅस्केटचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो, तर त्या काकांनी न सांगता दोन तुकडे समोर ठेवले आणि म्हणाले, नख रोवून बघा. एकावर नखाची खूण तशीच राहिली. दुसऱ्यावरची डोळ्यादेखत भरून आली. दुसरा घेतला. आठ मिलिमीटर जाड, बंद भोकांचा, खऱ्या रबराच्या वासाचा. हात लावताच कळलं की हाच.

चिकटवायला पाण्यातलं लॅटेक्स. लावताना दुधासारखं, वाळलं की पारदर्शक. लाकडावर दोन पातळ हात, स्पंजावर एकच, आणि दोन्ही पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय एकमेकांना टेकवायचं नाही. ओलं टेकवलं की पुन्हा मुरणार. मग रात्रभर पोळपाटाखाली, वर पिठाचा डबा.

सकाळी आईला स्वयंपाकघरात पाठमोरं बसवलं आणि वीतभर उंचीवरून दहा वेळा चेंडू सोडला. नंबर ६ मोडण्याआधी तिच्यावर अशीच चाचणी केली तेव्हा आईने दहाच्या दहा मोजले होते. नंबर ७ वर ती म्हणाली, "तीन झाले, आता सोड की पुढचा." तोवर दहाही झाले होते. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

एक अडचण उरली होती. शीटला साच्यातली गुळगुळीत कातडी असते, तिच्यावरून चेंडू घसरतो, फिरकी अजिबात धरत नाही. पॉलिश पेपरने गोल गोल घासून ती काढली, हलक्या हाताने, सगळीकडे सारखी. घासलेला भाग चेंडू धरतो. कडेला बोटभर कातडी मुद्दाम ठेवली आहे, पुढच्या वेळी दोन्हीची तुलना करता यावी म्हणून.

आता रविवार. जुन्या नियमांनी खेळलो, २१ गुणांचा गेम, पाच-पाच सर्व्हिस. पहिला गेम मी २१-१६ जिंकला. अण्णांविरुद्ध पिंपलने मी आजवर एकही गेम घेतलेला नाही, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. ते दर चेंडूला अर्धा क्षण उशिरा हलत होते. मध्येच थांबून म्हणाले, "ऐकूच येत नाही रे, पाय उचलायचा कशावर?" पाय कानाने उचलला जातो, हे मी कुठल्याच कोचकडून ऐकलेलं नव्हतं.

दुसरा गेम त्यांनी २१-१२ घेतला. पाणी पिऊन आले, चेंडू ऐकणं सोडून दिलं आणि माझ्या खांद्याकडे बघत खेळले. शिवाय मी चढून जोरात मारायला लागलो होतो. जोरात मारलं की आठ मिलिमीटरही पुरत नाहीत, चेंडू थेट लाकडापर्यंत दबतो आणि टक परत येतो. ही बॅट हळू हाताचीच आहे. ब्लॉक, पुश, समोरच्याचा वेग त्यालाच परत. जोर लावणाऱ्याला ती साथ देत नाही, आणि म्हणून सातोबद्दलचा माझा आदर या आठवड्यात दुप्पट झाला.

हॉलमधल्या एकाने विचारलं, ही चालते का? नाही चालत. १९५९ पासून नुसता स्पंज बंद आहे, सँडविच रबर (स्पंज आणि वर टॉपशीट) चार मिलिमीटरपर्यंत आणि बिनस्पंजाचं पिंपल दोनपर्यंत. ही आपल्यापुरती.

दिवाळीत सातो आणि कोत्सियान सामन्याचं प्रात्यक्षिक ठेवायचं असं ठरलं होतं. पण हे लिहितालिहिता वाटतंय, ते थांबवावं. अण्णा पहिल्या गेमला हरले ते आवाज नव्हता म्हणून, की चेंडू वेगळ्या वेगाने येत होता म्हणून? माझ्याकडे याचं उत्तर नाही आणि ते काढणं सोपं आहे. अण्णांच्या कानात कापूस घालायचा आणि दोघांनी नेहमीच्या पिंपलच्या बॅटींनी खेळायचं. तरीही ते अडखळले तर आवाजच. नाही अडखळले तर स्पंजाचा वेग. चार-पाच जणांवर करून बघतो, नुसत्या अण्णांवर नको, ते फार लवकर शिकतात. प्रात्यक्षिक नंतर कधीही होईल.

त्यासाठी चेंडू लागतील. ३८ चे धड चेंडू पाच उरलेत, त्यातल्या एकाच्या शिवणीला केसाएवढी चीर आहे. कुणाच्या माळ्यावर, जुन्या किटबॅगेत, क्लबच्या बंद कपाटात सेल्युलॉइडचे सापडले तर कृपया फेकू नका, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. ४० चे प्लास्टिकचे यासाठी उपयोगाचे नाहीत, त्यांचा आवाजच वेगळा.

आणि नंबर ८ आजच सुरू करावी लागणार आहे. रविवारी निघताना अण्णांनी नंबर ७ रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. "एक दिवस राहू दे माझ्याकडे," म्हणाले. आज शुक्रवार. काल त्यांच्या सूनबाईंना विचारलं, तर रोज दुपारी भिंतीवर खेळत असतात म्हणे, आणि घरात कुणाची झोपमोड होत नाही. शीटमध्ये अजून दोन बॅटींपुरता स्पंज आहे.