उंबऱ्याच्या जागी पट्टी: इंग्लंडच्या घरातला दाराखालचा सांधा

आपल्याकडे उंबरा चौकटीचाच भाग असतो. इंग्लंडमधल्या घरांत दोन खोल्यांच्या मध्ये तो नसतोच. तिथे असते जेमतेम चार सेंटिमीटर रुंदीची पट्टी, ‘डोअर बार’. लाकडी किंवा लॅमिनेटची (लाकडासारख्या दिसणाऱ्या दाबीव फळ्यांची) जमीन स्वतः बसवणारे बरेच जण ती घाईत शेवटी ठोकतात आणि जमीन बिघडते ती तिथूनच.

ही जमीन खाली कशालाही चिकटवलेली नसते, अंडरलेवर, म्हणजे खालच्या पातळ मऊ थरावर, नुसती पसरलेली असते. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडली की फळ्या आकसतात, दमट दिवसांत फुगतात. म्हणून भिंतीलगत जशी साधारण 10 मिलिमीटर फट सोडतात, तशीच दाराखालीही दोन्ही खोल्यांच्या फळ्यांमध्ये हवी. पट्टीने ती फट फक्त झाकायची. स्क्रू फटीच्या मधोमध, थेट खालच्या तळात गेला पाहिजे. तो फळीतून गेला की फळी जागीच अडकते, आणि दमट दिवसांत सांधे वर उचलले जातात.

दोन्ही बाजू समपातळीत असतील तर टी-बार (इंग्रजी T च्या आकाराची पट्टी) घ्यावा, एक बाजू खाली असेल तर उताराची रॅम्प पट्टी. कार्पेटच्या बाजूसाठी वेगळी पट्टी मिळते. दार बंद केल्यावर पट्टी दाराच्या जाडीखाली लपली पाहिजे. म्हणजे कुठल्याही खोलीतून पलीकडची जमीन दिसत नाही.

पट्टी सहसा 90 सेंटिमीटरची मिळते आणि नेहमीचं दार 762 मिलिमीटरचं असतं. जास्तीची लांबी एकाच टोकाकडून कापू नये, दोन्हीकडून सारखी कापावी. नाहीतर एका बाजूचं भोक अगदी कडेला येतं आणि दुसरीकडे टोक मोकळं राहून उचकटतं. कापायच्या खुणेवर मास्किंग टेप लावून हॅकसॉ चालवावा, म्हणजे अॅल्युमिनियमवर ओरखडे येत नाहीत. मग कड कानशीने घासायची.

वरच्या मजल्यावर तळ चिपबोर्डचा (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्यांचा), बहुतेक 18 किंवा 22 मिलिमीटरचा. लॅमिनेट 8 आणि अंडरले 3 मिलिमीटर धरलं तर 25 ते 30 मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. त्याहून लांब घेऊ नये, कारण रेडिएटरचे तांब्याचे पाइप पुष्कळदा दाराखालूनच जातात. आधी पाइप आणि वायर शोधणारा डिटेक्टर फिरवावाच. तळमजल्यावर काँक्रीट असेल तर ड्रिलला 6 मिलिमीटरचा मेसनरी बिट, भोकात स्क्रू पकडणारा लाल प्लास्टिक प्लग आणि 40 मिलिमीटरचा स्क्रू. भोकातली धूळ व्हॅक्युमने पूर्ण काढावी. ती तळाशी साचली तर प्लग वर राहतो आणि पट्टी बसतच नाही. जमिनीखालून घर तापवणारं अंडरफ्लोर हीटिंग असेल तर ड्रिल हातातच घेऊ नका.

चिकटपट्टीवाला बार सोपा वाटतो, पण त्याच्या दोन्ही पंखांना गोंद असतो. दोन्ही चिकटवले की दोन खोल्यांच्या जमिनी एकमेकींना बांधल्या जातात. एका बाजूच्या गोंदावरचा कागद काढूच नये.

स्क्रू आधी दोन्ही टोकांचे, मग मधले, आणि हातानेच आवळावेत. मधला जास्त आवळला तर पट्टी तिथे खाली वाकते, टोकं वर येतात. आपण उंबऱ्यावर पाय देत नाही. या पट्टीवर मात्र दिवसभर पाय पडतात, आणि वर आलेलं टोक पहिल्यांदा टोचतं ते रांगणाऱ्या बाळाच्या गुडघ्याला.