तुम्ही विचारलंत म्हणून: निम्मेच आले, मग सरकार कुणाचं?

निवडणुकीत मतदान केंद्रावर काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "निम्मे लोक फिरकलेच नाहीत, मग हे सरकार कुणाचं?" जणू टक्का मीच पाडला.

ब्रिटनचा दाखला तर हमखास येतो. २०२४ला तिथे जेमतेम साठ टक्के मतदान झालं. मजूर पक्षाला त्यातली ३४ टक्क्यांहून कमी मतं आणि जागा चारशेच्या वर. म्हणजे यादीतल्या पाचांपैकी एकाचा कौल. मान्य, खटकतंच. मग करायचं काय? निम्म्याखाली गेली की निवडणूक रद्द? एके काळी मीही हेच म्हणायचो, तावातावाने. सर्बियाने ते करून पाहिलं. २००२ आणि २००३मध्ये तिथली अध्यक्षपदाची मतदानं याच अटीपायी वाया गेली, आणि त्या पदासाठी लोकांनी निवडलेलंच नाही अशी हंगामी माणसं खुर्चीवर बसली. २००४मध्ये अटच काढून टाकावी लागली. शिवाय अशी अट म्हणजे हरणाऱ्याची सोय: आपली माणसं घरी बसवली की झालं.

राहिला टक्का. तो कसा तयार होतो ते मी बघतो. एकदा भर दुपारी एक बाई आल्या. ओळखपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं. यादीत नाव नाही. पुरवणी यादी पाहिली, तिच्यातही नाही. नवऱ्याचं मात्र होतं. "ते तर गेले," त्या म्हणाल्या. गेलेल्याचं नाव राहिलं आणि जित्या बाईचं गळलं. नियम सांगितला: यादीत नाव नाही तर मत नाही. त्यांनी क्षणभर विचार केला. "मग त्यांचं मी टाकू का?" मागे रांगेत कुणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत. तेही चालत नाही म्हटल्यावर कार्ड पुन्हा पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून निघाल्या.

नियमाने वागलो, उद्याही तसाच वागेन. पण संध्याकाळी आकडा कळवला तेव्हा मेलेला नवरा गैरहजर मतदार ठरला, आणि उन्हातून आलेली बाई हिशेबातच नव्हती. अशा टक्क्यावरून तुम्ही लोकांची उदासीनता मोजता?

सक्ती करा म्हणता? ऑस्ट्रेलियाने १९२४ला केली. साठच्या आतलं मतदान पुढच्याच निवडणुकीत नव्वदीपार. रांग वाढते, हे खरंच. पण मोठी रांग म्हणजे अधिमान्यता, हे मला पटत नाही. मार्च १९३३मध्ये जर्मनीत जवळपास ८९ टक्के मतदान झालं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

माझ्या मते न आलेल्याचंही सरकार तेच, कारण कायदे त्यालाही लागू आहेत आणि पुढच्या खेपेला ते पाडायचा हक्क त्यालाही आहे. मात्र दर खेपेला तीच माणसं बाहेर राहत असतील, तर हे उत्तर मलाच अपुरं वाटतं. "वीस टक्क्यांवर आलं तरी हेच म्हणणार?" असं परवा एकाने विचारलं. त्याच्याशी अजून भांडण चालू आहे.