हलके बूट निवडताना वजन शेवटी बघा

२८० ग्रॅमचा बूट ठेवून २१० ग्रॅमचा उचलला की फरक तळहाताला लगेच कळतो. धावताना फायदा होतो, पण थोडा: एका बुटामागे १०० ग्रॅम कमी झाले तर ऊर्जेचा खर्च साधारण १ टक्क्याने घटतो. पोटरी धरली किंवा नख काळं पडलं, तर तो टक्का कधीच वसूल होत नाही.

वजनाआधी बघायचे ते ड्रॉप आणि माप. ड्रॉप म्हणजे टाचेखालची उंची वजा चवड्याखालची उंची. टाचेखाली ३० मिमी, चवड्याखाली २६ मिमी, म्हणजे ड्रॉप ४. सोल जाड असला म्हणजे ड्रॉप जास्त, असं मुळीच नाही. नेहमीच्या सरावाच्या बुटांत तो बहुधा ८ ते १२ असतो, सॉकनी किनवारासारख्या हलक्या बुटात ४, आल्ट्रा कंपनीच्या बहुतेक बुटांत शून्य. ड्रॉप कमी झाला की टाच खाली जाते, घोटा जास्त वाकतो आणि पोटरी व टाचेमागची शीर जास्त ताणली जाते. ड्रॉप वाढवला तर भार गुडघ्याकडे सरकतो. त्यामुळे टाचेमागे जुनं दुखणं असलेल्याने शून्याच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१० वरून ४ वर यायचं असेल तर पहिले तीन आठवडे नवे बूट आठवड्यातून दोनदाच, ३-४ किलोमीटरपुरते घाला. बाकीचं धावणं जुन्या बुटांत. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाचेमागे ताठरपणा जाणवला, तर अंतर वाढवू नका.

मापात चूक झाली तर हलका बूट ती झाकत नाही. वरचं कापड पातळ, टाचेची वाटी मऊ, त्यामुळे पाय आत सरकतो. माप संध्याकाळी घ्या, पाय थोडे सुजलेले असतात, आणि धावतानाचेच मोजे घाला. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिमी जागा हवी. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, तेव्हा तेच मोजा. आतला सोल काढून त्यावर उभे राहा. करंगळी किंवा चवडा बाहेर येत असेल तर बूट अरुंद आहे. अशा वेळी अर्धं माप वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने लांबी ४ मिमीच्या आसपास वाढते, पण टाच सुटते आणि बूट चवड्याच्या जागी वाकत नाही. रुंद मापाचा बूटच मागा.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून त्याच वाटेने उतरावं लागतं. चढताना कमी ड्रॉप पोटरीला जाणवतो, उतरताना सैल बुटात बोटं पुढे आपटतात. त्यासाठी दोन्ही बाजूंना घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांतून लेसचा फास करा, विरुद्ध बाजूची लेस त्यातून ओवा आणि खालच्या दिशेने ओढून बांधा. टाच जागेवर बसते, बोटांवर दाब येत नाही.