हिवाळी चिलट की क्रेनफ्लाय? एका शिरेने खाल्लेला वेळ

डिसेंबरात पन्हाळ्यावर दिव्याभोवती लांब पायांचं, डासासारखं काही घिरट्या घालताना दिसलं की लगेच 'हिवाळी चिलट' अशी नोंद करू नका. हिवाळी चिलटांचं कुळ, ट्रायकोसेरिडी, मुळात थंड प्रदेशातलं. आपल्या दिव्यावर येतात ते बहुधा लिमोनिइडी कुळातले छोटे क्रेनफ्लाय, म्हणजे डासासारख्या दिसणाऱ्या लांब पायांच्या माश्या. मी ते हिमाचलातून आलेल्या हिवाळी चिलटांशी ताडून पाहिले.

डास पटकन बाजूला काढता येतो: लांब सोंड, पंखाच्या शिरांवर खवले. पाठीवरची 'व्ही' आकाराची खाच मात्र हिवाळी चिलट आणि क्रेनफ्लाय, दोघांनाही असते. थवा करून उडणं हाही पुरावा नाही, काही क्रेनफ्लायही तसे उडतात.

मी अडलो ते पंखाच्या मागच्या कोपऱ्यात. तिथली सर्वांत मागची शीर, ए-टू, हिवाळी चिलटात आखूड असते आणि एकदम वळून कडेला मिळते. क्रेनफ्लायमध्ये ती लांब आणि बरीच सरळ जाते. वाचायला एक ओळ, बघायला तासन् तास! कारण पंखाचा तोच कोपरा दुमडतो. घडीखाली गेलेली लांब शीर आखूड आणि वळलेली दिसते. माझे तीन क्रेनफ्लाय असेच चुकीच्या बाटलीत गेले. सुकलेला पंख उलगडायला गेलं तर फाटतो. म्हणून नमुना ओला असतानाच पंख बुडापासून बारीक चिमट्याने सोडवा, काचपट्टीवर अल्कोहोलच्या थेंबात ठेवा, दोन बारीक ब्रशने मागची कड सरळ करा, वर कव्हरस्लिप टाका आणि उजेड खालून द्या. वरून दिलेल्या उजेडात पंख नुसता चमकतो, शीर हरवते.

तरीही शंका राहिली तर डोकं बघा, खरं तर आधी तेच बघावं. हिवाळी चिलटाच्या माथ्यावर, दोन मोठ्या डोळ्यांखेरीज, ठिपक्याएवढे तीन साधे डोळे असतात, क्रेनफ्लायला असा एकही नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली २० पटीत मला खात्री होईना, ४० पटीत झाली. दिवा थोडा हलवा: नुसती चकाकी असेल तर ती सरकते, डोळा जागचा हलत नाही. सुकून डोकं आकसलं की हेही कठीण, म्हणून नमुने ७०% अल्कोहोलमध्येच ठेवा.

मादी असेल तर अंडी घालायचा अवयवही पाहा. हिवाळी चिलटात त्याचं टोक खाली वाकलेलं असतं, क्रेनफ्लायमध्ये बहुधा वर.

एका बाटलीत एकच नमुना ठेवा, पाय गळतातच. आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.