शून्य अंश म्हणजे नक्की कुठे?

आज दिवसभरात काम काय केलं तर एक टेक्स्ट फाईल, ती पण फक्त १९ आकड्यांची. लाजच वाटतेय, तरी लिहून ठेवते.

जीपीएसचा उपग्रह क्षितिजाजवळ असला की त्याच्यापर्यंतचं मोजलेलं अंतर कमी भरवशाचं, कारण सिग्नल हवेतून तिरका येतो, वर शेजारच्या टाकीवर नाहीतर पत्र्यावर आपटून येतो ते वेगळंच. उपग्रह डोक्यावर असेल तर हवेमुळे अंतरात साधारण २.३ मीटरची भर पडते आणि क्षितिजापासून जेमतेम ५ अंशावर तीच २५ मीटरच्या आसपास जाते. मॉडेल लावून बरीचशी काढता येते, पण जी उरते ती पण खालीच जास्त. म्हणून जागा काढणाऱ्या प्रोग्रॅमला कोनाप्रमाणे वेगळा सिग्मा द्यायचा, म्हणजे मोजमाप साधारण किती चुकेल तो आकडा, मोठा असेल तर भरवसा कमी. माझ्या फाईलमधे हेच आकडे. फॉर्म्युला सोपाय, ०.३ मीटर एकदा तसंच आणि एकदा कोनाच्या साइनने भागून, दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. ९० ला ०.४२ येतं, ३० ला ०.६७, १० ला १.७५ आणि ५ ला थेट ३.४६.

फाईलचा साचा मी अँटेक्सवरून उचलला, म्हणजे अँटेनाच्या दुरुस्त्या कोनाप्रमाणे देणारी ठरलेल्या साच्याची फाईल. ० ते ९०, ५-५ अंशांनी, प्रत्येक आकड्याला बरोब्बर ८ कॉलम. पंचकार्ड जाऊन जमाना झाला पण आम्ही अजून कॉलम मोजतोय! एक टॅब चुकून पडला तर पुढचं सगळं सरकतं, तेच शोधण्यात सकाळ गेली.

मग दिसलं की ओळीतला शेवटचा आकडा १६ अंकी झालाय, ८ कॉलममधे मावतच नाही. पायथनमधे ९० अंशाचा कोसाइन नीट शून्य येत नाही, अगदी बारीक काहीतरी उरतं, त्याने भागलं की असा राक्षस. म्हटलं क्षितिजावरचा डेटा तसाही कोण वापरतं, उडवला. १८ आकडे, प्रोग्रॅमने गुमान वाचले, मी खूश, जेवायला गेले.

दुपारी गच्चीवरच्या, जागा आधीच पक्की माहीत असलेल्या पॉइंटवर चालवलं तर उंची माकडासारखी उड्या मारतेय. दोन तास सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. शेवटी सिग्माचा प्लॉट काढला आणि डोक्याला हात. अँटेक्समधला कोन झेनिथपासून मोजतात, शून्य म्हणजे डोक्यावर, आमचा प्रोग्रॅम क्षितिजापासून मोजतो. म्हणजे ५ अंशावरच्या लोळणाऱ्या उपग्रहाला मी ०.४३ देऊन मानाने पुढे बसवलं आणि डोक्यावरच्याला ३.४६ देऊन हाकललं. आणि कोनाचा साइन घ्यायचा तिथे मी कोसाइन लिहिलाय हे सकाळीच डोळ्यासमोर होतं की! क्षितिजाचा राक्षस पहिल्या घरात यायला हवा होता, तो शेवटच्या घरात बसून मला सांगत होता आणि मी त्यालाच उडवला.

उडवलेल्या घरात ८ कॉलममधे मावेल असा मोठा आकडा परत ठेवला, ओळ उलटी केली, वर कॉमेंटमधे 'कोन क्षितिजापासून, सिग्मा मीटरमधे' असं ठळक लिहिलं. उंची बरीच शांत झाली. दुपारी तीनच्या सुमारास एक टेंगूळ अजून येतंय, मला शेजारच्या पत्र्याचाच संशय आहे, उद्या अँटेना दुसऱ्या कोपऱ्यात लावून बघते.